वाचकांचे प्रश्न : गाडी किती उचलावी, टायर कोणते घ्यावेत

पावसाळा संपत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरून गेलेला असतो. चार महिने खड्डे, चिखल आणि खचलेले साकव यांतून काढलेल्या गाड्या गॅरेजच्या दारात उभ्या राहतात आणि तिथे कोणीतरी ‘लिफ्ट किट’, म्हणजे गाडीची उंची वाढवणारे सुटे भाग, हा शब्द काढतो. या वेळी हाती आलेली सात पत्रे कॉम्पॅक्ट एसयूव्हीची उंची आणि टायर यांविषयीच आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, पण पुढच्या उत्तरांतले अनेक मुद्दे त्यावरच उभे असल्यामुळे ते आधी वाचावे.

प्रश्न : आमची २०२२ सालची मारुती ब्रेझा आहे, पेट्रोल आणि मॅन्युअल गिअरची. घरापर्यंतचे शेवटचे दोन किलोमीटर चिरेखाणीच्या कच्च्या रस्त्याचे आहेत. खाणीच्या ट्रकांनी चाकोऱ्या खोल केल्या आहेत आणि मध्ये जांभ्याचा वरंबा राहिला आहे. मी एकटा असलो तर गाडी निघते, पण सणासुदीला पाच जण आणि सामान असले की खालून लागते. कोल्हापुरातील एका गॅरेजने पुढे-मागे ४० मिलिमीटरची लिफ्ट आणि सध्याच्या २१५/६० आर १६ ऐवजी २१५/७० आर १६ मापाचे टायर सुचवले आहेत. हे काम करून घ्यावे का?
— एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : गॅरेजने औषध सांगितले आहे, पण दुखते कुठे हे कोणी पाहिलेले दिसत नाही. तेव्हा आधी एक साधी गोष्ट करा. पाचही जणांना आणि सामानाला गाडीत बसवून त्या वरंब्याच्या सर्वांत उंच भागावर चुन्याची फक्की टाका, गाडी माणसाच्या चालीने त्यावरून न्या, आणि सपाट जागी आल्यावर खाली वाकून पांढरे कुठे लागले आहे ते पाहा. जुन्या खुणाही पुष्कळ सांगतात : नेहमी घासणारी जागा चकाकते आणि एखाद्याच वेळी लागलेली जागा गंजते. इंजिनाखालचे कव्हर, मधला सायलेन्सरचा पाइप आणि मागचा आडवा बीम या तीन जागांपैकी नेमकी कोणती लागते, यावर पुढचा सगळा खर्च अवलंबून आहे.

दुसरे माप टेपने घ्यायचे आहे. सपाट जागी गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही ठिकाणी मोजा, आधी रिकाम्या गाडीत आणि मग भरलेल्या गाडीत. माहितीपत्रकात आपल्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचे पोट यांतले अंतर, १९८ मिलिमीटर दिलेला आहे. असे आकडे सहसा रिकाम्या गाडीचे असतात. भरल्यावर मागची बाजू तीन-चार बोटे खाली बसत असेल, तर त्या घराजवळच्या वरंब्याशी झुंजणारी गाडी १९८ मिलिमीटरची राहिलेलीच नसते. आपण एकटे असताना गाडी निघते आणि भरल्यावर लागते, यावरून मला तरी हा भाराखाली बसणाऱ्या मागच्या स्प्रिंगचा प्रश्न वाटतो. तसे असेल तर पुढची बाजू ४० मिलिमीटर उचलण्याचे काही कारणच उरत नाही.

आता लिफ्ट म्हणजे नेमके काय होते ते पाहू. आपल्या गाडीसारख्या बहुतेक कॉम्पॅक्ट एसयूव्हींमध्ये पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअब्सॉर्बर आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग मिळून एकच उभा खांब. मागे दोन्ही चाकांना जोडणारा पिळला जाणारा बीम असतो आणि त्याच्या स्प्रिंगा शॉकअब्सॉर्बरपासून वेगळ्या बसवलेल्या असतात. पुढची बाजू उचलण्याची सर्वांत प्रचलित रीत म्हणजे स्ट्रटच्या डोक्यावर, बॉडी आणि स्ट्रटचे माउंटिंग यांच्यामध्ये, ॲल्युमिनियमची किंवा टणक प्लॅस्टिकची जाड चकती बसवणे. त्यामुळे संपूर्ण स्ट्रट तेवढ्याच मापाने खाली सरकतो आणि बॉडी वर जाते. स्प्रिंग दबत नाही, गाडी कडक होत नाही, म्हणून पहिल्या दिवशी सगळ्यांना हा सौदा फार स्वस्तात झाल्यासारखे वाटते.

किंमत ड्राइव्ह शाफ्ट मोजतो. गिअरबॉक्स बॉडीबरोबर वर गेलेला असतो आणि चाक जमिनीवरच राहते, त्यामुळे दोघांना जोडणारा शाफ्ट पूर्वीपेक्षा तिरका होतो. आखूड बाजूचा शाफ्ट ४०० मिलिमीटर लांबीचा धरला, तर ४० मिलिमीटर लिफ्टने त्याचा कोन जवळपास पावणेसहा अंशांनी वाढतो. २५ मिलिमीटरला हीच वाढ साडेतीन अंशांच्या आसपास राहते. ही वाढ गाडी सरळ उभी असतानाची आहे. चाक खड्ड्यात पूर्ण खाली लोंबकळते तेव्हा ती मूळच्या कमाल कोनात मिळवायची असते, आणि गिअरबॉक्सकडचा आतला जॉइंट बाहेरच्या जॉइंटइतका वाकण्यासाठी बनवलेला नसतो. मी स्वतः काही वर्षांपूर्वी एका लहान गाडीला हौसेने अशा जाड चकत्या बसवून घेतल्या होत्या. सात-आठ महिन्यांनी टायर बदलायला चाक काढले तेव्हा रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचा पंख्यासारखा फवारा उमटलेला दिसला. जॉइंटवरचे रबरी बूट, म्हणजे ग्रीस आत राखणारी आवरणे, घडीवर फाटले होते आणि आतल्या ग्रीसमध्ये लाल माती मिसळून तिची करकरीत पेस्ट झाली होती. बूट वेळेवर बदलले असते तर किरकोळ खर्चात भागले असते. तसे न झाल्यामुळे अख्खा शाफ्ट बदलावा लागला.

टायरचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे, आणि तो गॅरेजमध्ये बहुधा सांगितला जात नाही. मापातले २१५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी, ६० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, आणि १६ म्हणजे रिमचा इंचातला व्यास. त्या हिशेबाने २१५/६० आर १६ टायरचा व्यास ६६४ मिलिमीटर येतो, २१५/६५ चा ६८६ आणि २१५/७० चा ७०७. म्हणजे सुचवलेला टायर ४३ मिलिमीटरने, सुमारे साडेसहा टक्क्यांनी मोठा आहे, आणि त्यातून उंची मिळते ती याच्या निम्मी, साडेएकवीस मिलिमीटर. लोकांची समजूत अशी असते की लिफ्ट केली की मोठ्या टायरला आपोआप जागा होते. मडगार्डच्या बाबतीत ते खरे आहे; पण स्ट्रटवर स्प्रिंग जिथे टेकते ती बशी टायरच्या माथ्यावर किंवा त्याच्या आतल्या खांद्याजवळ असते, आणि ती बशी चाकाबरोबरच वर-खाली होते. स्ट्रटच्या डोक्यावर कितीही जाड चकती घाला, टायर आणि बशी यांच्यातले अंतर एका केसानेही वाढत नाही. म्हणून पुढचे चाक पूर्ण वळवून त्या फटीत बोट घालून पाहा. जिथे सध्याच्या टायरवर जेमतेम अंगठा शिरतो, तिथे त्रिज्येत साडेएकवीस मिलिमीटरने वाढलेला टायर बसणार कसा?

शिवाय साडेसहा टक्के मोठा टायर म्हणजे सगळेच गिअर साडेसहा टक्क्यांनी लांब. घाटात किंवा खाणीच्या चढावर पहिल्या गिअरमध्ये क्लच अधिक वेळ अर्धा धरावा लागेल आणि ॲव्हरेज उतरेल. मीटरवर ८० दिसताना गाडी पूर्वीपेक्षा पाच किलोमीटरने जोरात धावत असेल. कंपन्या मीटर खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त दाखवणारा ठेवतात. ती राखीव जागा इथे संपून जाते.

माझा सल्ला असा : मागच्या स्प्रिंगा तपासा, बसल्या असतील तर कंपनीच्याच मापाच्या नव्या घाला. फक्कीने इंजिनाखालचा भाग दाखवला तर जाड पत्र्याचे, पाणी आणि तेल यांच्या बोल्टांना वाट ठेवलेले चांगले स्किड प्लेट बसवा. त्याने उंची वाढत नाही, पण लागले तरी नुकसान होत नाही. टायर मूळ मापाचेच, पण मजबूत साइडवॉलचे, म्हणजे बाजूच्या भिंतीचे, घ्या. एवढे करूनही उंचीची गरज उरली, तर चारही बाजूंना सारख्याच २० ते २५ मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका, आणि त्याआधी पुढच्या प्रश्नाचे उत्तर वाचा. ४० मिलिमीटर मी सुचवणार नाही.

आणि जाता जाता : वरंबा आपल्या गावचाच आहे. पहिला पाऊस पडून जांभ्याची माती नरम झाली की कुदळीने तो उतरवता येतो, आणि चिरेखाणीतला तुकड्यांचा चुरा चाकोऱ्यांत भरता येतो. खाणमालकाशी बोलून पाहायला काय हरकत आहे? तोवर चाकोरी सोडून एक चाक वरंब्यावर आणि दुसरे रस्त्याच्या कडेला ठेवून गाडी काढण्याची सवय करावी. पोट दगडावर टेकवून पुढे ओढत नेण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

प्रश्न : सस्पेन्शन लिफ्ट आणि मोठे टायर कायद्याने चालतात का? दुकानदार म्हणतो, ‘सगळेच करतात, तीन टक्क्यांपर्यंत चालते.’
— एक वाचक, पुणे

उत्तर : ‘तीन टक्के’ हा टायरच्या व्यासाबाबत व्यवसायात रूढ झालेला ठोकताळा आहे. तांत्रिक दृष्टीने तो वाईट नाही, परंतु मोटार वाहन कायद्यात अशी टक्केवारी लिहिलेली नाही. १९८८ च्या या कायद्याचे कलम ५२ असे सांगते की, उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलापासून नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील वेगळा होईल असा बदल वाहनमालकाने करू नये. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आणि मूळ स्पेसिफिकेशन बदलणारे फेरफार मान्य होणार नाहीत असे म्हटले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘प्रत्येक फेरफारामागे’ हे शब्द लक्षात ठेवावेत. लिफ्ट हा एक फेरफार आणि टायर हा दुसरा, असे मोजले जाऊ शकते.

रस्त्यावर कोणी टेप घेऊन स्प्रिंग मोजत नाही, हे खरे आहे. पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर मोजतो. पॉलिसीत न कळवलेला बदल सापडला की दाव्यावर प्रश्नचिन्ह लागते, आणि तो बदल अपघाताला कारण नव्हता हे सिद्ध करण्याची यातायात मालकाच्या गळ्यात पडते. वॉरंटीतल्या गाडीत सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि ड्राइव्ह शाफ्ट यांच्या तक्रारींवर पाणी सोडावे लागते ते वेगळेच. म्हणून काम करण्याआधी आपल्या आरटीओला आणि विमा कंपनीला लेखी विचारावे आणि उत्तरही लेखी घ्यावे. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या किंवा पेट्रोलच्या झाकणामागच्या पट्टीवर कंपनीने मान्य केलेली टायरची मापे आणि हवेचे आकडे छापलेले असतात. त्याच मॉडेलच्या वरच्या किंवा खालच्या प्रकारात दुसरे माप कंपनी स्वतः देत असेल, तर निवड त्यांतून करणे सर्वांत निर्धोक.

प्रश्न : (दोन पत्रे) परभणी जिल्ह्यातील एक शेतकरी विचारतात, ‘शेतावर जाणारा दीड किलोमीटर रस्ता काळ्या मातीचा आहे. पावसात गाडी जागेवरच फिरते. ऑल-टेरेन टायर आणि लिफ्ट यांनी काम होईल का?’ महाबळेश्वरच्या एक वाचक भगिनी विचारतात, ‘आमच्याकडे पाऊस अतोनात, पण रस्ता डांबरीच आहे. पकड वाढावी म्हणून ऑल-टेरेन टायर घ्यावेत का?’

उत्तर : ही दोन पत्रे एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत, आणि गंमत म्हणजे दोघांनाही माझे उत्तर ‘नको’ असेच आहे, फक्त कारणे उलटी आहेत.

काळी चिकण माती ओली झाली की ती टायरच्या खाचांत भरते आणि दहा-पंधरा पावलांत टायरचा गुळगुळीत रूळ होतो. ऑल-टेरेन टायरच्या खाचा मुरूम, खडी, वाळू आणि वरवरचा चिखल यांना पुरतात. काळी माती झटकून टाकण्याइतक्या रुंद त्या नसतात. ते काम रुंद खाचांच्या मड-टेरेन टायरचे आहे. परंतु तो टायर डांबरावर घोंघावतो, ओल्या रस्त्यावर थांबायला लांब अंतर घेतो, आणि पुढच्या दोनच चाकांना ताकद असलेल्या गाडीला तो लावणे म्हणजे बैलजोडीतल्या एकाच बैलाला नाल मारण्यासारखे आहे. लिफ्टचा तर इथे संबंधच नाही. गाडी अडते ती पोट टेकल्यामुळे नव्हे, चाकाला धरायला काही नसल्यामुळे. गाडी सडकेवर उभी करून पुढचे अंतर ट्रॅक्टरने किंवा पायी जावे, आणि उन्हाळ्यात रस्त्यावर मुरूम टाकून घ्यावा. अगदी अडचणीच्या प्रसंगी पुढच्या चाकांतली हवा ३३ वरून २२ पीएसआयपर्यंत उतरवली तर टायर पसरतो आणि थोडी पकड मिळते, मात्र गाडीत हवा भरण्याचा पंप असलाच पाहिजे आणि सडकेवर येताच हवा पूर्ववत केली पाहिजे. कमी हवेवर वेगात धावलेल्या टायरची साइडवॉल आतून भाजते आणि ते बाहेरून दिसतही नाही.

महाबळेश्वरच्या भगिनींसाठी : ओल्या डांबरावर पकड मिळते ती रबराच्या मऊपणातून आणि ठोकळ्यांवर कोरलेल्या बारीक रेघांमधून, दिसायला राकट असलेल्या मोठ्या ठोकळ्यांमधून नव्हे. ऑल-टेरेन टायर बहुतेकदा अधिक टणक रबराचे आणि वजनाला जड असतात. घाटात वळणावर ब्रेक लावताना चांगला हायवे टायर त्यांच्यापेक्षा भरवशाचा ठरतो. तेव्हा मूळ मापाचा, ओल्या रस्त्यासाठी नावाजलेला हायवे टायर घ्या आणि तो झिजण्याआधी बदला. कायद्याने १.६ मिलिमीटर खाच उरेपर्यंत टायर चालतो, पण आपल्याकडच्या पावसात खाच ३ मिलिमीटरवर आली की पाणी बाहेर फेकण्याची टायरची ताकद बरीच घटलेली असते. पावसाळ्यापूर्वी ३ मिलिमीटर हीच शेवटची रेघ मानावी.

टायर घेताना दोघांनीही साइडवॉलवरची दोन लेखने वाचावीत. मापानंतर येणारे ‘९५ एच’ सारखे अक्षर-अंक म्हणजे तो टायर ६९० किलो भार आणि ताशी २१० किलोमीटर वेग यांसाठी बनवला आहे. मूळ टायरपेक्षा कमी भारांकाचा (इथे ९५ हा भारांक) टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. लंबगोलातले चार आकडे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात : ‘२३२४’ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दुकानदार चारही टायर एकाच खेपेतले देत आहे ना, हे तिथेच उभे राहून पाहावे.

प्रश्न : स्प्रिंगच्या वेढ्यांत बसवायचे रबराचे बफर मिळतात. त्यांनी गाडी उंच होते का?
— एक वाचक, संगमनेर

उत्तर : रिकामी गाडी नावापुरती उंच होते, भरलेली गाडी कमी बसते, इतकेच. रबराने दोन वेढे धरून ठेवल्यामुळे ते काम करीनासे होतात आणि त्यांचा वाटा उरलेल्या वेढ्यांवर पडतो. स्प्रिंग कडक होते आणि खड्ड्याचा हिसका थेट माउंटिंगला जातो. बसलेल्या स्प्रिंगवर हा इलाज नाही. काठी टेकून चालणाऱ्याला दुसरी काठी देण्यासारखे ते आहे.

प्रश्न : मी जुनी रेनो डस्टर एडब्ल्यूडी (चारही चाकांना ताकद देणारी) घेतली आहे. टायर २१५/६५ आर १६ आहेत. पुढचे दोन झिजले आहेत, तर पुढे दोन नवे ऑल-टेरेन टायर टाकावेत आणि मागचे पुढच्या वर्षी बदलावेत असा विचार आहे. थोडी लिफ्टही करावी का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : या गाडीच्या बाबतीत टायर दोन-दोन करून बदलण्याचा विचार मनातून काढून टाका. ऑटो मोडमध्ये पुढची चाके घसरली की मागच्या धुरीकडे ताकद पाठवणारा एक कपलिंग असतो, आणि चाकांच्या वेगांतला फरक हीच त्याची खूण असते. पुढचा टायर नवा आणि मागचा झिजलेला असला की त्यांचे परीघ वेगळे होतात. सरळ कोरड्या रस्त्यावरही त्या यंत्रणेला वाटते की काहीतरी घसरते आहे. हिशेब असा : खाचेच्या खोलीत ५ मिलिमीटरचा फरक म्हणजे व्यासात १० आणि परिघात ३१ मिलिमीटरचा फरक. तो चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला पडतो आणि किलोमीटरला साडेचारशेहून अधिक फेरे होतात. लॉक मोडमध्ये, म्हणजे पुढची आणि मागची चाके एकत्र जखडलेली असताना, कोरड्या डांबरावर गाडी चालवली तर हा फरक कुठेतरी जिरवावा लागतो, आणि तो कपलिंगमध्ये उष्णता होऊन जिरतो. चारही टायर एकाच बनावटीचे, एकाच मापाचे आणि एकाच दिवशी घ्या. नंतर दर आठ ते दहा हजार किलोमीटरला त्यांची अदलाबदल करत राहा. स्टेपनीही त्याच मापाची असावी.

लिफ्टबद्दल म्हणाल तर या गाडीची मूळ उंचीच २१० मिलिमीटर आहे आणि पहिला गिअर मुद्दाम आखूड ठेवलेला आहे. कॉम्पॅक्ट गाड्यांमध्ये ती आधीच सुस्थितीत आहे. शिवाय इथे मागच्या चाकांनाही ड्राइव्ह शाफ्ट असल्यामुळे पहिल्या उत्तरातली कोनाची गोष्ट दोन्ही टोकांना लागू होते. जुनी गाडी असल्याने स्प्रिंगा, माउंटिंग, रबरी बुश आणि शॉकअब्सॉर्बर यांचे वयही झालेले असणार. ते नवे केले तर पुष्कळदा हरवलेले दहा-पंधरा मिलिमीटर आपोआप परत येतात, आणि ती उंची कोणत्याही कायद्याला खुपत नाही.

प्रश्न : मी टाटा नेक्सॉनला पुढे ३० आणि मागे १५ मिलिमीटरच्या चकत्या बसवून घेतल्या. आता तीन तक्रारी आहेत. कसारा घाटात दुसऱ्या गिअरला जोर दिला की गाडी थरथरते आणि पाय काढला की थांबते. सरळ रस्त्यावर गाडी डावीकडे ओढते. आणि रात्री समोरचे गाडीवाले सारखे डिपर मारतात. गॅरेजवाला म्हणतो, ‘महिनाभरात बसेल.’
— एक वाचक, नाशिक

उत्तर : यातले काहीही आपोआप बसणार नाही. जोर देताना होणारी आणि पाय काढताच थांबणारी थरथर हे आतल्या जॉइंटचे लक्षण आहे. बाहेरचा जॉइंट गेला असता तर पूर्ण वळणावर ‘कट्-कट्’ आवाज आला असता. पुढच्या चकत्या १५ मिलिमीटरवर आणा. थरथर गेली तर जॉइंट वाचला. राहिली तर इंजिनाचे माउंटिंग आणि शाफ्ट दोन्ही तपासून घ्या.

ओढण्याच्या तक्रारीसाठी अलाइनमेंट करून घ्यावे लागेल, पण त्याआधी एक प्रश्न गॅरेजला विचारा : लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, बोल्ट शेवटी कधी आवळले? आर्मच्या मुळाशी असलेला रबरी बुश ज्या स्थितीत आवळला जातो, तीच त्याची विश्रांतीची स्थिती ठरते. गाडी गॅरेजच्या जॅकवर उचललेली, चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळले असतील, तर जमिनीवर उतरल्यापासून ते बुश चोवीस तास पिळलेलेच आहेत. ते बोल्ट सैल करून, गाडी चाकांवर उभी करून, दोन-तीनदा दाबून बसू देऊन मग टॉर्क रेंचने आवळावे लागतात. चाके लोंबकळत असताना ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. त्यानंतर अलाइनमेंट, आणि पाचशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा. टोची (वरून पाहता चाकांच्या आत-बाहेर वळलेपणाची) दुरुस्ती सगळीकडे होते, पण कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) या प्रकारच्या स्ट्रटवर बहुधा बदलता येत नाही, म्हणून मशीनवरच्या कागदावर बदलाआधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे मागून घ्या.

दिव्यांचा दोष समोरच्यांचा नाही, आपला आहे. चारही बाजू सारख्या उचलल्या असत्या तर दिवे जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर वर गेले असते आणि कोणाला जाणवलेही नसते. आपण पुढची बाजू मागच्यापेक्षा १५ मिलिमीटर जास्त उचलली आहे आणि गाडीचा व्हीलबेस जवळपास २,५०० मिलिमीटर आहे, म्हणजे गाडीने नाक ०.६ टक्के वर केले आहे. लो बीम खाली झुकलेला असतो तोच मुळी एक-सव्वा टक्का. त्यातला निम्मा झुकाव इथेच गेला, आणि पन्नास मीटरवर उजेडाची कड ३० सेंटिमीटर वर चढली. पुढच्या चकत्या १५ च्या झाल्या की हा फरकही निघून जाईल. तरीही सपाट जागी, भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करून दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. लो बीमची वरची कड त्या रेघेच्या दहा ते तेरा सेंटिमीटर खाली आली पाहिजे. येत नसेल तर हेडलाइटच्या मागे असलेला समायोजनाचा स्क्रू फिरवून ती आणावी, आणि त्या वेळी डॅशबोर्डवरचे दिव्यांचा झोत वर-खाली करणारे चाक शून्यावर असल्याची खात्री करावी.